गवताच्या पिशवीवरची झोप

वाफेवालीचं नाक लॅव्हेंडरपुरतं मेलं होतं, आणि नेमकी हीच तिची लायकी ठरली.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! सुगंधी आणि औषधी वनस्पतींवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. आवारात लॅव्हेंडर, गवती चहा, जिरॅनियम, रोझमेरी असं काय काय लावलेलं. ही बाई तिथं भट्टीवर. फुलांचे तुरे टाकीत दाबून भरायचे, खालून वाफ सोडायची, नळीतून पाणी टपकायला लागलं की त्यावर तरंगणारं तेल अलगद वेगळं काढायचं. जन्म त्यातच गेला म्हणा ना. सगळे तिला वाफेवाली म्हणत आणि तीही बिनतक्रार ओ देई. घरी भात लागला तर अंगणातून कळायचं हिला, पण लॅव्हेंडर नाकाखाली धरलं तरी ढिम्म! नवऱ्याचं नाकही तिच्या संगतीनं तसंच झालेलं. बसमध्ये शेजारची माणसं वळून वळून बघत, तेव्हा तिला वाटायचं, आपण अजून बऱ्या दिसतो.

केंद्राच्या मॅडमनी शेजारच्या वृद्धाश्रमात एक प्रयोग मांडला. रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या उशीखाली एक छोटी कापडी पिशवी ठेवायची. अर्ध्या पिशव्यांत वाळलेलं लॅव्हेंडर, अर्ध्यांत साधं वाळकं गवत. झोपेत फरक पडतो का ते बघायचं. म्हाताऱ्यांना सांगितलं, झोपेची पिशवी आहे, बस्स. पण वाटणाऱ्यालाही कळता कामा नये की कुठली कशाची, नाहीतर तो लॅव्हेंडरवाल्याला हसून ‘झोपा हं छान’ म्हणणार आणि गवतवाल्याला नुसती पिशवी देणार. मग वास न येणारं माणूस आणायचं कुठून?

‘‘ताई, तुम्हीच!’’ मॅडम म्हणाल्या.

वाफेवालीला तर हवंच होतं. तिचे बाबा तिथेच, खिडकीजवळच्या खाटेवर होते. त्यांचं सगळं विसरायला झालं होतं. स्वतःचा मुलगा भेटायला आला तर त्याला त्यांनी दुरुस्तीवाला समजून नळ दाखवला. झोप तर नाहीच. उठून दारापाशी जायचे, परत यायचे, सेविकांच्या नाकी नऊ आणायचे. सकाळी कामावर जाताना ती डोकावायची, तेव्हा ओळखीची खूण नसायची डोळ्यांत.

पण भट्टी आवरून संध्याकाळी पिशव्या घेऊन जायला लागली, आणि पहिल्याच दिवशी ती खाटेपाशी वाकली तर म्हातारा म्हणाला, ‘‘आलीस? बस गं.’’ तिचा हात धरला आणि थोड्या वेळात घोरायला लागला. मग रोज तेच. तिनं कुणाला सांगितलं नाही, उगाच दृष्ट लागायची. बाबा आपल्याला ओळखतात, बाकी जग गेलं खड्ड्यात.

प्रयोग संपला, आकडे आले आणि मॅडम डोकं धरून बसल्या. लॅव्हेंडरवाले छान झोपलेले, आणि गवतवालेही तितकेच छान!

‘‘गवतानं कसली झोप येते हो?’’ मॅडम वैतागल्या. ‘‘आता तुमचे बाबाच घ्या. त्यांची पिशवी गवताची. आणि सगळ्यात गाढ तेच झोपलेत!’’

मॅडमचं तोंड पडलेलं आणि हिच्या मनात आनंद मावेना. गवत! म्हणजे वासाचा संबंधच नाही. बाबा झोपले ते आपल्यामुळे. मॅडमसमोर हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली.

तेवढ्यात पंखा दुरुस्त करायला आलेला इलेक्ट्रिशियन शिडीवरून म्हणाला, ‘‘मॅडम, या बाई आत आल्या आणि मला आपली जांभई यायला लागली. काय घमघमाट सुटलाय यांच्या अंगाला!’’

मॅडमनी पुढे होऊन तिच्या खांद्याला नाक लावलं. त्यांना कुठलं कळायला, त्यांचंही नाक याच केंद्रात झिजलेलं. ‘‘शिडीवरून कळलं तुम्हाला?’’ त्यांनी विचारलं. ‘‘दारातूनच की,’’ तो म्हणाला. भट्टीवरून तशीच उठून, केसात, पदरात वाफ घेऊन ही बाई प्रत्येक खाटेवर वाकत होती! गवतवाल्यांनाही रोज लॅव्हेंडर मिळत होतं. आश्रमातल्या सेविकांना वाटायचं, वास पिशव्यांचा आहे.

मॅडमचं कोडं सुटलं आणि वाफेवालीला नवंच पडलं. मग ‘आलीस’ म्हणायचे ते कुणाला? मला, की या मेल्या वासाला? बरं, वासाला कुणी ‘बस गं’ म्हणतं का? पण मग सकाळी आंघोळ करून जाते तेव्हा का बघत नाहीत माझ्याकडे? ओळखतात म्हणावं तर तसं, नाही म्हणावं तर असं. विचार करून करून डोक्याचा पार भुगा झाला.

गवतवाल्यांचा प्रयोग पुन्हा करायचं ठरलं. भट्टी दुसऱ्याकडे दिली. हिनं केस दोनदोनदा धुतले, सुट्टी घेऊन थोडे दिवस घरातच काढले आणि मग एका संध्याकाळी कोरी साडी नेसून पिशव्या घेऊन गेली. बाबांच्या खाटेपाशी येऊन वाकली. पिशवी ठेवली. उशी सारखी केली. थांबली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि तिच्या खांद्यावरून दाराकडे.

‘‘बाई, बाहेर जरा बघता का? माझी मुलगी अजून आली नाही.’’

स्टूल ओढून ती खाली बसली. ‘‘बाबा, मीच ती.’’

‘‘इथे सगळ्याच बाबा म्हणतात मला,’’ तो समजुतीनं म्हणाला. ‘‘ती भट्टीवर असते. दमून येते बिचारी. पण येतेच रोज. ती आल्याशिवाय झोप नाही यायची मला.’’

भट्टीवर असते! ते त्यांना ठाऊक होतं. मुलगी आहे, दमते, येते, सगळं सगळं ठाऊक होतं. फक्त समोर बसलेली ही बाई ती नव्हती. यावर रडायचं की हसायचं हे काही तिला कळेना, म्हणून ती दोन्ही करत बसली, पदर तोंडात कोंबून.

‘‘अहो, रडता कशाला?’’ म्हातारा गडबडला. पांघरुणातून हात काढून त्यानं तिच्या हातावर थोपटलं, परक्या बाईला थोपटावं तसं, जरा अवघडून. ‘‘तुम्ही जा घरी. तुमचीही कुणी वाट बघत असेल.’’

‘‘बसते थोडी,’’ ती म्हणाली. ‘‘तुमची मुलगी आली की जाते.’’