अंबाडीची ओळख

जे सांगायला बसलो आहे ते माझ्या मुलाला ठाऊक नाही, मंडळात कुणाला ठाऊक नाही, आणि माझी पत्नी सुशीला आज हयात असती तर तिलाही मी ते सांगितले असते असे नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगतो. एकच अट आहे. मध्येच ‘पण तुमचा हेतू वाईट नव्हता’ असे म्हणू नका. अर्धीच गोष्ट ठाऊक असलेल्या पुष्कळांकडून ते मी ऐकले आहे, आणि ते खोटे आहे.

आधी इतरांच्या कथा निकालात काढतो.

माझा मुलगा अभिजित बर्मिंगहॅमला असतो. तो सांगतो ती कथा अशी: बाबांची नजर अधू, वय एकोणऐंशी, एकट्याने राहायचे म्हणून वॉटफर्डच्या घरात त्यांनी एक भाडेकरू ठेवली; तिने मागच्या खोलीत गांजा लावला आणि ‘ही अंबाडी आहे’ असे सांगून बाबांना फसवले. बाबा भोळे. — माझी नजर अधू नाही. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत आणि पानामागचा मावा, ती बारीक कीड, मला चष्म्याशिवाय दिसते. भोळा तर मी कधीच नव्हतो. सुशीलेची पंचेचाळीस वर्षे याच्या उलटच तक्रार होती.

आमच्या मराठी मंडळाची कथा थोडी निराळी आहे. तिथे ती मुलगी पहिल्यापासून चलाख होती, आणि म्हातारा तिच्या हातचा वरणभात खाऊन विरघळला. दिवाळीच्या जेवणात कुणीतरी हटकून ताट पुढे करते — "अप्पा, पालकच आहे ना ही? एकदा बघून घ्या हं." सगळे हसतात. मीही हसतो. आणि जे दयाळू आहेत ते हळूच म्हणतात, बिचारीने अप्पांच्या गुडघ्यांसाठीच लावले असेल. माझे गुडघे उत्तम आहेत. त्या झाडाचे एक पानही मी ओढले नाही की चाखले नाही. मला त्यातला धूर नको होता. मला काय हवे होते ते पुढे येईलच.

अंबाडी तुम्ही पाहिली आहे का? पान हाताच्या पंजासारखे, बोटे सुटी, कडा दातेरी. गांजाचे पानही तसेच. फोटोत दोन्ही शेजारी ठेवली तर शहरी माणूस फसेल, हे मान्य. पण माझ्या वडिलांच्या जोंधळ्याच्या शेतात कडेने अंबाडी असे. तिच्या दांड्यावरची कुसळे बोटांना बोचतात. पान जिभेवर ठेवले की आंबट. तिची साल सोलून वळलेल्या दोरांनी आमचे बैल बांधलेले असत. पुढे मी शेतकीची पदवी घेतली, इंग्लंडला आलो, आणि कौन्सिलच्या काचघरांत एकतीस वर्षे नोकरी केली — बागांमधली फुलझाडे तिथे तयार होत. माझ्या शेवंतीला या परगण्याच्या प्रदर्शनांत बक्षिसे मिळाली, आणि निवृत्तीनंतर तिथेच मी परीक्षक झालो. अशा माणसाला अंबाडी ओळखता आली नाही, यावर पोलिसांनी विश्वास ठेवला, ते सोडा. त्यांना अंबाडी माहीतच नव्हती. पण मराठी माणसांनी ठेवला! त्याचा मला आजही राग येतो — आणि तो राग दाखवायची सोय मी स्वतःच ठेवलेली नाही.

तर, मला ठाऊक होते. ही पहिली कबुली. पण एवढ्यासाठी मी तुम्हाला थांबवून घेतले नसते.

शर्वरी नागपूरची. वय छत्तीस, लंडनमध्ये एका वित्तकंपनीत नोकरी, कामाच्या व्हिसावर आलेली. कायमचे राहण्याचा परवाना मिळायला तिचे अकरा महिने उरले होते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दर महिन्याअखेर एक फुली मारी आणि मला ऐकवी, "काका, आता दहा." माझ्याशी वाद घालायला ती घाबरत नसे. वऱ्हाडी माणसाला साखर कळत नाही असे मी म्हणालो की ती म्हणे, पुणेकराला तिखट दाखवले तरी घाम फुटतो. मी पुण्याचा नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. तिला बरेच दिवस जबड्याच्या मुळाशी ठणका लागे. डॉक्टरांच्या तारखा लांबत होत्या. मागची लहान खोली तिनेच वेगळी भाड्याने मागून घेतली — सामानासाठी म्हणून.

महिनाभराने जिन्यात वास आला. ती ऑफिसला गेलेली असताना मी दार उघडले. एक काळा तंबू, आत दिवा, आणि दोन कुंड्यांत दोन रोपे — उंच, काटकुळी, उजेडाच्या मागे धावत सुटलेली. खालच्या फांद्या अंधारात पिवळ्या पडलेल्या. मला काय वाटले असेल? कायदा आठवला? नाही. इतक्या चांगल्या वाणाची कुणी इतकी हेळसांड करावी, याचा संताप आला.

संध्याकाळी ती आली. मी खोलीत बसलेला पाहून दारातच उभी राहिली, कोट अंगावर. मी म्हणालो, "शेंडा का खुडला नाहीस?"

ती म्हणाली, "काका, तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलोच आहे. हे काय झाड आहे? ही तर काठी आहे."

शेंडा खुडला की झाडाचे वर धावणे थांबते आणि बाजूच्या फुटींना बळ येते — शेवंतीत हेच, द्राक्षात हेच. मग त्या फुटी कोवळ्या असतानाच हळूहळू आडव्या वाकवायच्या, बांधून ठेवायच्या, म्हणजे सगळ्या टोकांना सारखा उजेड मिळतो. आमच्या धंद्यात याला वळण लावणे म्हणतात. मुलांच्या बाबतीत वापरतात तोच शब्द. अभिजितला मी वळण लावू शकलो नाही, असे त्याची आई म्हणे. या झाडांना लावले. आठवड्याभरात तंबूतले सगळे माझ्या हातात आले. दिव्याची उंची मी ठरवी, पाणी मी देई, मऊ तारेने फांद्या मी बांधी. शर्वरी ऑफिसातून आली की दारात उभी राहून बघे. "काका, ही तर रांगोळी झाली," ती एकदा म्हणाली. निवृत्तीनंतर सतरा वर्षांत माझ्या कामाकडे कुणी असे पाहिले नव्हते.

दोन रोपे तिची होती. बाकीची चार माझी.

हा भाग कुठल्याही कथेत नाही. ती म्हणाली होती, "जबड्याच्या ठणक्याला दोन पुरेत, काका. माझा व्हिसा आहे." तिने एकदा नव्हे, तीनदा म्हटले. मी फुटी कापून नवी रोपे केली, कारण मला एक पद्धत पडताळून पाहायची होती — शेंडा एकदा खुडलेले आणि दोनदा खुडलेले यांची तुलना दोन रोपांत होत नाही. मी तिला हे समजावून सांगितले. मी समजावून सांगितले की माणसे गप्प बसतात. तो माझा स्वभाव आहे. ती गप्प बसली. फुली मारताना तिने "आता सहा" म्हटले, त्या महिन्यात तंबूतही सहा झाडे होती. तिला ते जाणवले असावे. मला तेव्हा जाणवले नाही.

शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली. पोलीस दुपारी आले, दोघेजण — एक पोक्त बाई आणि एक दाढीवाला. शर्वरी कामावर होती. मी त्यांना वर नेले. बाईंनी तंबूची चेन उघडली आणि हे काय आहे असे विचारले. त्या क्षणी माझ्याजवळ खरे वाक्य होते. ते लहान होते. मी म्हणालो, ही अंबाडी, आमच्याकडची एक पालेभाजी. माझ्या भाडेकरूने लावली आहे.

एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी. पहिलीवर सगळे हसतात. दुसरीकडे कुणाचे लक्षच गेले नाही.

दाढीवाल्याने आत डोकावून पाहिले. बांधलेल्या फांद्या, एका उंचीवर आलेले शेंडे. तो म्हणाला, ज्याने कुणी हे केले आहे त्याच्या हातात कसब आहे आणि अंगी चिकाटी आहे. बहुतेक ठिकाणी आम्हाला जंगल दिसते. हे सांगायला कठीण जाते — त्या वेळी माझी छाती फुगली. एका पोलिसासमोर, पकडला गेलेला असताना, मला आनंद झाला. आणि मी गप्प राहिलो. ते श्रेयही तिच्या नावावर गेले.

त्यांनी तिला ऑफिसातून बोलावून घेतले. ती आली तेव्हा आम्ही तिघे स्वयंपाकघरात होतो. बाईंनी माझ्यासाठी चहासुद्धा केला होता. शर्वरीने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलण्याच्या आत मी बोललो — मराठीत, अगदी साध्या, घरगुती आवाजात:

"शर्वरी, मला ती पालेभाजी वाटत होती असं मी यांना सांगितलंय. तू तेच सांग."

बाईंनी विचारले, तुम्ही तिला काय म्हणालात?

मी म्हणालो, जेवलीस का, असे विचारले. आमच्यात घरी आलेल्याला आधी तेच विचारतात.

बाई हसल्या. म्हणाल्या, माझी आईही अशीच होती.

शर्वरीने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग म्हणाली, "हो काका. जेवले." आणि त्यांच्याकडे वळून इंग्रजीत: यांना काही माहीत नव्हते, सगळे माझे आहे.

ही ती कबुली. झाड ओळखले, झाडे वाढवली, हे त्यापुढे किरकोळ. मी माझी भाषा वापरली. त्या घरात जी भाषा फक्त आम्हा दोघांना येत होती, जिच्यात ती मला काका म्हणत होती, तिच्यातून मी तिला तिच्याच विरुद्ध साक्ष द्यायला सांगितले. आणि वर त्याचे भाषांतर माया म्हणून करून दिले.

मला कशाची भीती होती? हे मी स्वतःला विचारले आहे. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या, एकोणऐंशी वर्षांच्या, पूर्वी कधी एक दंडही न भरलेल्या म्हाताऱ्याचे त्यांनी काय केले असते? फार थोडे. मला परीक्षकपद जाईल याची भीती होती. सप्टेंबरात शेवंतीचे प्रदर्शन होते. बस, एवढेच.

दोन रोपे असती तर कदाचित समज देऊन भागले असते, असे तिच्या वकिलाने तिला सांगितले. सहांवर भागले नाही. खटला झाला, कंपनीने काढून टाकले, आणि नोकरी गेल्यावर व्हिसाही गेला. कॅलेंडरवर पाच फुल्या मारायच्या राहिल्या होत्या. जाण्याच्या दिवशी तिने बॅगा स्वतः खाली आणल्या, किल्ली टेबलावर ठेवली, माझ्या पाया पडली नाही. "येते" म्हणाली नाही, "जाते" म्हणाली. आपल्याकडे हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही.

प्रदर्शनात मी परीक्षण केले. मंडळात कुणी तिला नावे ठेवू लागले की मी म्हणे, जाऊ द्या, पोर आहे, चुकली. यावर लोक माझ्या मोठ्या मनाचे कौतुक करीत. ते मी घेतले. दर वेळी घेतले.

गेल्या वसंतात तिची एक जुनी सहकारी सुट्टीहून परतली आणि माझ्या दारात एक पाकीट देऊन गेली. आत मूठभर बिया, आणि शर्वरीच्या अक्षरात एक ओळ: ‘अंबाडी. ओळख असावी म्हणून.’

बिया मी पेरल्या, त्याच खोलीत, खिडकीशी. चांगल्या उगवल्या. शेंडा मी खुडला नाही. जूनमध्ये अभिजित आणि रेवा आले. रेवा माझी सून, जन्माने इथलीच. तिचे मराठी तिने प्रयत्नाने मिळवलेले आहे. तिने कुंडी उचलून उजेडात धरली, फोनवर गांजाच्या पानाचा फोटो शोधला आणि दोन्ही शेजारी धरून नवऱ्याला दाखवले.

"बघ ना, अगदी सेम दिसतो हा. कोणी पण फसेल. हो ना, बाबा?"

अभिजित माझ्याकडे पाहत होता. एक पान तोडून तिच्या जिभेवर ठेवायला मला एक पाऊल पुढे यावे लागले असते.

मी "हो" म्हणालो. रेवाने दोन्ही पानांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले.