काका, जाऊ नका

तळघरात उतरताना तोकुसान शेवटच्या पायरीवर थांबायचे आणि वर बघायचे. छतावर संध्याकाळ रंगवलेली होती. "आजही साडेपाचच," असं म्हणायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे.

डोक्याला बांधलेल्या पंच्याची गाठ नेहमी डाव्या कानामागे. रश्शाची चव चमच्याने घेत नसत, करंगळी बुडवायचे. कोंबडीच्या तुकड्यांची काडी रश्शात तीनदा बुडवायची, आणि तिसऱ्या वेळी काडी वर येईपर्यंत श्वास रोखून धरायचा. दुपारी दोनला छोटा रेडिओ घेऊन वर रस्त्यावर जायचं, कारण खाली तो नुसता खरखरायचा. वर उभं राहून समुद्रात लाटा किती उंच आहेत ते ऐकायचं आणि परत यायचं. एखाद्या लहान पोरावर ओरडले, की त्याच्या ताटलीत लावा पक्ष्याच्या अंड्यांची एक काडी गुपचूप जास्त पडायची. घरी जाताना रश्शाच्या मडक्यावर तळवा टेकवायचे, तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवावा तसा.

हिनाकोने हे सगळं दीड वर्ष पाहिलं. साहित्याची पदवी घेऊन ती या तळघरात कामाला लागली होती. जुन्या काळच्या बस-कंडक्टरचा निळा पोशाख घालायचा, हातात घंटा धरायची आणि पाहुण्यांना गल्लीत फिरवायचं, हे तिचं काम.

गल्ली म्हणजे कामेबाशी गल्ली. ओसाकात ती खरोखरीची होती, अगदी याच जागी. ती पाडून वर तेवीस मजले उभे राहिले, आणि मग कंपनीने तळघरात तीच गल्ली पुन्हा बांधली. तेच कागदी कंदील, तेच पत्र्याचे फलक, विजेचा खांब, भिंतीवर भुसा भरलेलं मांजर. आठ गाड्यांवर नोकरीला ठेवलेली माणसं होती. कोणी ऑक्टोपसचे गोळे उलटायचं, कोणी शेवया परतायचं, आणि परदेशी पाहुणे एकेका गाडीवर थोडं थोडं चाखत पुढे सरकायचे. नववी गाडी तोकुसानची. तीच तेवढी मूळ गल्लीतली.

कंपनीने त्यांना भूमिका दिली होती खडूस म्हाताऱ्याची. पाहुण्यांवर खेकसायचं. लोक पुढाऱ्यांचे टोमणे ऐकून थकतात, पण खडूस म्हाताऱ्याचे ऐकायला रांग लावतात, असं व्यवस्थापक इनागाकी सांगायचा. तोकुसानचा मूळ स्वभाव इतका मवाळ, की पहिले दोन महिने त्यांनी शिव्या कागदावर लिहून गाडीच्या आतल्या बाजूला चिकटवल्या होत्या.

"काडी अशी धरतात? भाला आहे का तो?" ते गरजायचे. आणि पाहुणे वळले, की हळूच हिनाकोला विचारायचे, "जास्त झालं का गं?"

"कमीच झालं, तोकुसान."

"मग उद्या आईवरून काहीतरी बोलतो."

"नको. तेवढं तुम्हाला जमणार नाही."

मडकं त्यांच्या वडिलांचं, आबांचं. एकसष्ट वर्षांत ते एकदाही रिकामं झालं नव्हतं. दिवसभरात जेवढा रस्सा संपेल तेवढीच भर संध्याकाळी घालायची. खाली तळाशी वडिलांच्या हातचा थेंब अजून आहे, असं ते म्हणायचे. पण असा रस्सा रोज तापवावा लागतो. दोन दिवस गार पडला तर आंबतो, आणि मग एकसष्ट वर्षं मोरीत ओतायची. वडील गेल्यापासून चौतीस वर्षं तोकुसान एकही रात्र गावाबाहेर राहिले नव्हते. सुट्टीच्या दिवशीही येऊन मडकं तापवून जायचे. लग्न केलं नाही. का, असं हिनाकोने एकदा विचारलं. तर मडक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही सवत कोण खपवून घेईल?"

बहीण होती, फुसाए. वयाने मोठी. लहानपणी वडिलांच्या गाडीवर दोघं एकत्र उभी राहायची. रश्शात काय कमी आहे ते वडिलांच्याही आधी फुसाएला कळायचं. लग्न होऊन ती ओकी बेटावर गेली. रेल्वेने अर्धा दिवस, मग बोट. रेडिओवरच्या लाटा त्या बोटीच्या वाटेतल्या.

मार्चमध्ये भाच्याचा फोन आला. आई आता फार काही खात नाही. यायचं असेल तर पावसाळ्याच्या आत या.

"मला तिला रस्सा चाखवायचाय," तोकुसान हिनाकोला म्हणाले. "इथे कोळसा चालत नाही. विजेच्या शेगडीवर तीन वर्षं झाली. धुराचा वाससुद्धा कंपनीच्या डब्यातून येतो. रोज भर घालतो, रोज करंगळी बुडवतो, आणि मला कळत नाही की हा अजून आबांचा रस्सा आहे की या तळघराचा झालाय. माझी जीभ याच्याबरोबरच बदलली असणार. तिची नाही बदललेली."

"आणि ती म्हणाली की बदललाय, तर?"

"तर मडकं धुऊन टाकीन," ते म्हणाले. मडक्याची कड पुसत म्हणाले, "मग कुठेही राहता येईल."

हिनाकोला तेव्हा कळलं, की त्यांना नेमकं कोणतं उत्तर हवंय हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही.

त्यांनी तीन दिवसांची रजा मागितली. इनागाकी हसून म्हणाला, "तोकुसान, मेच्या सुट्ट्या तोंडावर आल्यात. तुमच्याशिवाय ही गल्ली म्हणजे नुसता पुठ्ठा. जरा थांबा ना."

ते थांबले. पण एप्रिलच्या मध्यावर, भर गर्दीत, काय झालं कोण जाणे. हातातल्या काड्या त्यांनी खाली ठेवल्या आणि म्हणाले, "आता बंद. मला बहिणीकडे जायचंय. उठा सगळे." आवाज चढवला नव्हता. मग पाहुण्यांकडे पाठ करून बाटल्यांच्या उलट्या खोक्यावर बसले.

मग टाळ्या पडल्या. कोणीतरी ओरडलं, "काका, जाऊ नका!" बाकीच्यांनी ते उचललं. तिसऱ्या हाकेला तोकुसान वळले. डोळे भरले होते. टाळ्या आणखी वाढल्या.

इनागाकी धावत आला. "हे कुठे लपवून ठेवलं होतंत? रोज करा हे. पाहुण्यांच्या तिन्ही खेपांना."

दुसऱ्या दिवशी ते छापील कागदावर आलं. खडूस म्हातारा बहिणीकडे निघतो, रुसून बसतो. कंडक्टरने घंटा वाजवायची, पाहुण्यांकडून तीनदा म्हणून घ्यायचं. तिसऱ्या हाकेला म्हातारा वळतो.

"आपण नाही म्हणूया," हिनाको म्हणाली.

"कशाला? मी खरंच निघालो तरी आता कोणाला खरं वाटणार नाही." ते हसले. "त्यातल्या त्यात बरं आहे. रोज तीनदा तिचं नाव तरी निघतं."

रजा मिळाली ती नऊ मेपासून. मडकं सांभाळायचं ठरलं हिनाकोने. तोकुसान तिला आठवडाभर शिकवत होते.

"उकळी नको. कडेला बुडबुडे आले की बास."

"किती वेळ?"

"तुझा जीव कंटाळेपर्यंत. मग आणखी थोडा."

"हे लिहून घेऊ?"

"तू सगळंच लिहून घेतेस. करंगळी बुडव."

तिने बुडवली. गोड, खारट, आणि मागे काहीतरी जळल्यासारखं, जुनं. कोणाचं ते तिला सांगता आलं नाही.

आठ मेला सकाळी ते खुशीत होते. शेवटच्या पायरीवर थांबलेच नाहीत. उद्या बोट सुटणार होती, लाटा एकच मीटर. वडिलांची जाड काचेची बाटली त्यांनी घरून धुऊन आणली होती. तीत नरसाळं लावलं आणि गरम रस्सा ओतला, पण अर्धाच. एकदम भरला तर काच तडकते. आधी अर्धी निवू द्यायची, मग उरलेली भरायची. झाकण शेजारी पालथं ठेवलं.

"दुपारच्या खेपेनंतर आठवण कर," ते म्हणाले. डावा खांदा चोळत होते. हिनाको म्हणाली, "कालची खोकी तुम्ही कशाला उचललीत?" ते म्हणाले, "मग भुशाच्या मांजराला सांगायचं?"

दुपारच्या खेपेला तैवानहून आलेले बारा जण होते, आणि एक वयस्क ऑस्ट्रेलियन जोडपं. तोकुसान भाल्याचं बोलले. लोक हसले. शेगडीवर सहा काड्या होत्या. मग त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "आता बंद. बहिणीकडे जायचंय." नेहमीपेक्षा जरा हळू. पाठ करून खोक्यावर बसले.

हिनाकोने घंटा वाजवली. "सगळे मिळून!"

"काका, जाऊ नका!"

दोनदा. तीनदा. ते वळले नाहीत.

आज ताणतायत, असं तिला वाटलं. उद्या खरंच निघायचं आहे, म्हणून शेवटचं रंगवतायत. ती पाहुण्यांकडे वळली. "काकांना ऐकू गेलं नाही. आणखी मोठ्याने!" ऑस्ट्रेलियन बाई कौतुकाने पुटपुटली, "काय बेमालूम करतात." हाका पुन्हा तीनदा झाल्या. शेवटच्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज हिनाकोचाच होता.

मग तिला वास आला. शेगडीवरच्या सहाही काड्या करपत होत्या. तोकुसानने काडी करपू दिलेली तिने कधी पाहिली नव्हती. तेव्हा ती धावली.

हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, बसल्यावर लगेचच. कोणाची हाक त्यांना ऐकू गेली नसेल. हे त्यांनी हिनाकोच्या समाधानासाठी सांगितलं. तिने मान डोलावली.

पाहुण्यांना वर नेलं. बाकीच्या आठ गाड्यांवरची माणसं आपापल्या जागी उभीच होती, काय करायचं ते कागदावर नव्हतं. इनागाकी खांबाला टेकून बसला होता. छतावर साडेपाच वाजलेले होते.

हिनाको गाडीच्या आत गेली. शेगडी बंद केली. मडक्यावर तळवा टेकवला, ते अजून कोमट होतं. फळीवर बाटली उभी होती, गळ्यावर चिठ्ठी बांधलेली, वर तोकुसानच्या अक्षरात फुसाएचं नाव. आतला रस्सा निवून घट्ट झाला होता. नरसाळं तसंच तोंडात होतं. झाकण शेजारी पालथं. वरची अर्धी बाटली भरायची राहिली होती.