दोनशे पंचावन्न अक्षरं

प्रोग्राममध्ये मी दोनशे पंचावन्न हा आकडा टाकला, आणि तो चुकीचा होता. एवढं साधं वाक्य प्रल्हाद जिवंत असताना माझ्या तोंडून चारचौघांत निघालं नाही. शेतातून येताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला, त्याला आता पाच आठवडे झाले. आता मी कबुली देतोय, तीही वर्तमानपत्राच्या पुरवणीत... माझी हिंमत ही अशी.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. हिंगोलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. तो गोरेगावजवळच्या तांड्यावरचा. मी शहरातला, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं समजणारा. एका नर्सिंग शाळेचे प्रवेशअर्ज वेबसाइटवरून घ्यायचं काम क्लासच्या संचालकांनी आम्हा दोघांवर सोपवलं आणि प्रोग्राम लिहायचं मी छाती काढून प्रल्हादकडून मागून घेतलं. प्रल्हादने समजावलं होतं, "दोस्ता, माणूस बटन दाबतो तवा आख्खा अर्ज एका ओळीत जोडून सर्व्हरकडं जातो. सर्व्हर तो वाचत न्हाई. आपल्या प्रोग्रामच्या दारात आणून ठेवतो, अन् किती अक्षरं आलीत त्याचा आकडा देतो. तो आकडा आधी बघ, मंग बराबर तेवढंच उचल." लग्नात वाढायला उभा राहिला तरी हा गडी आधी "किती पानं?" विचारायचा. मी कशाला विचारतोय! दरवेळी दोनशे पंचावन्न अक्षरं उचलायची, असं लिहून मोकळा झालो. स्वतःचाच अर्ज भरून पाहिला. माझा पत्ता दोन शब्दांचा, झकास मावला. खुशीत प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत स्वतःचं नावही घातलं.

तांड्यावरचा पत्ता मात्र लांबलचक. अमक्याच्या घराजवळ, तांडा, पोस्ट, तालुका, जिल्हा... त्यात अर्ज पाठवताना एकेका स्वल्पविरामाची तीन-तीन अक्षरं होतात. पत्त्यानंतर शेवटचा रकाना फोनचा होता आणि शाळा मुलाखतीला फोनवरूनच बोलावणार होती. प्रल्हादची धाकटी बहीण सविता हिने अर्जात गोरेगावच्या एसटीडी बूथचा नंबर दिला होता; ती तिथे आठ दिवस बसून राहिली. जागा भरल्या, तेव्हा प्रल्हादने अर्जांची फाइल उघडली. तिचा पत्ता 'तालुका सेन' इथेच, तालुक्याच्या नावाच्या मध्येच तुटला होता. पुढे फोन नंबर नाही, काही नाही. तसे आणखी सहा अर्ज, सगळे तांड्या-वाड्यांवरचे.

"प्रोग्राम कोणी लिहिला?" संचालकांनी विचारलं. मी कीबोर्डवरची धूळ पुसू लागलो.

"मी लिवला, सर," प्रल्हाद म्हणाला. त्याच दिवशी त्याची क्लासमधली नोकरी सुटली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काहून बोललास असं?"

"तुह्या घरी लेकरू लहान हाय. अन् तू बोलणार व्हतास का?"

मी हसलो. काय करणार, दुसरं काही येत नव्हतं. तो शेतीकडे वळला. सविताचं त्याच उन्हाळ्यात डोंगरकडा गावात लग्न लागलं. मी पुढे सात वर्षं तिथेच शिकवलं आणि पहिल्या तासाला पोरांना सांगायचो, "आधी किती ते विचारा, मग उचला." जणू हे वाक्य माझंच.

परवा तांड्यावर भेटायला गेलो. सविता आली होती. तिने प्रल्हादची जुनी वही पुढे ठेवली. आत माझ्या प्रोग्रामचा छापील कागद, पिवळा पडलेला, दोनशे पंचावन्नभोवती लाल गोल. मी घसा खाकरला. "सविता, तुला एक सांगायचं होतं... तो प्रोग्राम खरं तर..."

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. पयल्याच ओळीत तुमचं नाव हाय. नर्स न्हाई झाले मी, पण वाचता येतं मला."