रुतलेली जोडवी

लांबलेल्या तापातून बायको उठली, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी तिला अमरावतीतल्या एका डॉक्टरांकडे न्यायचो. मी शाळामास्तर, ती वलगावकडच्या शेतकऱ्याची लेक. पन्नासचं दशक संपत आलं होतं, पण आमच्याकडे बाईचं दुखणं डॉक्टरला नवऱ्यानेच सांगायचं. ती पदर सावरत मागे उभी राहायची आणि मी वर्गात बोलावं तसा खणखणीत बोलायचो.

डॉक्टर आधी तिला काट्यावर उभं करत. आकडा दर खेपेला वाढायचा आणि रिक्षात बसेपर्यंत मी तो तिला दोनदा मोठ्याने सांगायचो.

तिचं माप निराळं होतं. चुलीपुढे एका दमात किती भाकरी थापून होतात, ते.

"आज पाचच झाल्या जी. मंग छातीत धाप भरली."

माझं डोकं फिरायचं. "काटा खोटं बोलते का? अंग भरून राह्यलं तुयं, अन् तू काहून रडून राह्यली?"

ती परात पुढे ओढायची. मला वाटायचं, पटलं.

मग एकदा म्हणाली, जोडवी रुतून राह्यली. मी हसलो. "जाड झाली तू. सोनाराकडून कापून घेऊ."

"असं बोलू नका. तुमी असताना जोडवी काढू काय मी?" नवऱ्याच्या जीवावर बेतेल, अशी तिची खात्री होती. मीही विषय सोडला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "पायांवर सूज वगैरे?"

"छे, वजन वाढलंय ना!" मी म्हणालो. मागून ती जरा पुढे सरकल्याची चाहूल लागली. मी वळून पाहिलं नाही.

संक्रांतीनंतर तिचा भाऊ भेटायला आला. तिचे पाय पाहून त्याने चहाही घेतला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघांना अकोल्याला, तो नोकरीसाठी राहायचा त्या गावच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं.

"आता तुम्ही सांगा. काय होतंय?"

मग तिचा आवाज आला, "त्यायले विचारा ना."

"दुखणं तुमचं आहे, बाई."

मग ती बोलू लागली. "दिवाळीले आठ भाकरी होत होत्या. संक्रांतीले दोन. आता परात पाहूनच दम लागते. आडवं होता येत नाही, बसल्या बसल्या डोळा लागते. त्यायले नाही सांगितलं. वजन वाढलं म्हून लय खुशीत असतात ते."

माझ्याच बायकोचं दुखणं मी असं पडद्यामागून ऐकलं. लाज वाटली, आणि भीतीही.

हृदय थकलं होतं. अंगात पाणी साचत होतं, आणि काट्यावर मी कौतुकाने वाचायचो ते तेच पाणी.

बोटं काळी पडू लागली म्हणून जोडवी कापायची ठरली. ती हात जोडून नको नको म्हणत होती. शेवटी मीच तिचा पाय धरला आणि नर्सने कात्री चालवली. चांदीखाली कातडीत खोल खाच पडली होती.

"तुमाले काही होनार नाही ना?" तिने विचारलं.

"मले काय होते?" मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी ती गेली. मला खरंच काही झालं नाही.