चुका झेलणारे भावजी

भावजी खुर्चीवर टेकलेले मी कधी पाहिलेच नाहीत. चहा उभ्यानं, तोही दारात, एक चप्पल पायात आणि एक काढलेली. "बसा की हो," म्हटलं की म्हणायचे, "बसतो वहिनी, एवढे चुनाव उरकू द्या." आता आमच्या बनारसात चुनाव कधी उरकतात का? वार्डाचे झाले की विधानसभेचे, ते झाले की लोकसभेचे. आमचे हे आणि भावजी रेल्वेत एकाच ऑफिसात, म्हणून मी त्यांची वहिनी. बाकी सगळी गल्ली, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा, त्यांना प्रचारकाका म्हणायची.

पक्षाचं म्हणाल तर त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. जो बोलावील त्याच्याकडे जायचे. झेंडे, पत्रकं, रिक्षावरचा भोंगा हे सगळं बघायचे, पण खरं काम वेगळंच. उमेदवाराच्या हातून काही चुकलं की पुढे होऊन म्हणायचं, "माझंच चुकलं." एकदा मी चिडले. म्हटलं, "अहो, दुसऱ्याचं शेण आपल्या तोंडाला फासून घ्यायला काही वाटत नाही तुम्हाला?" तर हसले. "वहिनी, उमेदवार जिंकला तर जनतेमुळे, हरला तर कार्यकर्त्यांमुळे. त्याला मार खायला एक पाठ लागते. माझी आहे रुंद." रुंद कसली! सदरा नुसता खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा अंगावर.

वार्डाच्या मागच्या चुनावात आमचा वार्ड बायकांसाठी राखीव झाला आणि गल्लीतल्या वकिलीणबाई उभ्या राहिल्या. यजमान कचेरीत वकील, घर पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं. घरात मराठी, उंबरा ओलांडला की पक्क्या बनारसी. बाई वाईट नाहीत हो. पण चैत्रातलं ऊन, दिवसभर जिने चढणं-उतरणं आणि चुनावात पडण्याची धास्ती. त्यात तोंडी एक वाक्य बसलं, "आमच्या माणसांना काही कळतच नाही." पत्रकावर फोटो छापला तो लेकीच्या बारशातला, आणि ती लेक आता बँकेत नोकरी करते! फोटो बाईंनी स्वतः कपाटातून काढून दिलेला. दारोदार लोक विचारायला लागले, "और ये फोटोवाली दीदी नहीं आईं?" बाई गर्रकन वळल्या. "काय हो, कुणी दिला हा फोटो?" भावजी म्हणाले, "माझंच चुकलं. मला तुम्ही अजून तशाच दिसता." रागवावं की लाजावं, बाईंना कळेना.

राजा घाटावर मात्र हसण्यासारखं नव्हतं. नाववाल्यांची मतं मागायला गेल्या आणि चप्पल घालून नावेवर चढल्या. भावजी मागून हळूच सांगत होते, "बाई, चप्पल, चप्पल." नाव म्हणजे त्या लोकांची आई, रोज सकाळी तिला फूल वाहतात. एक म्हातारा उठून उभा राहिला, म्हणाला, "हमरे देवी के कपार पर जूता रख दिहलीं!" देवीच्या कपाळावर जोडा ठेवलात, असं. बाईंनी लगेच भावजींकडे बोट केलं, "यांनी सांगायला नको का?" भावजींनी खाली वाकून नावेच्या टोकाला कपाळ टेकवलं, म्हाताऱ्याची माफी मागितली आणि तसेच पुढच्या गल्लीत पळाले. संध्याकाळी माझ्या दारात चहा घ्यायला आले. ते कपात बघत म्हणाले, "म्हातारा माझ्या ओळखीचा होता."

मग आलं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. वकिलीणबाईंच्या घरी दरवर्षीचंच, पण या खेपेला वार्डातल्या सगळ्या बायकांना बोलावणं. भावजी माझ्याकडे आले. "वहिनी, उद्या पाचला यायचं."

"मी? भावजी, हळदीकुंकवाला?"

"मी दोनदा विचारलं बाईंना. म्हटलं, सगळ्या म्हणजे सगळ्याच ना? म्हणाल्या, सगळ्याच, मत सगळ्यांना आहे. म्हणून पंचगंगा घाटावरच्या आश्रमातल्या बायकांनाही सांगून आलो."

आमचे हे गेल्यापासून मला असलं बोलावणं कुणी केलं नव्हतं. मी वाट पाहत नव्हते, असं आपलं म्हणायचं. पण रात्री पेटीतली मोतिया रंगाची साडी काढून ठेवली, हे खरं.

आम्ही गेलो. आश्रमातल्या चौघी-पाचजणी पांढऱ्या लुगड्यांत माझ्यामागे, एकमेकींचा हात धरून. आत गौर मांडलेली, आंब्याच्या डाळीचा वास, पन्ह्याचे पेले. आम्ही सतरंजीवर बसलो मात्र, आणि बाईंच्या चुलत सासूबाईंनी हातातली डाळीची वाटी खाली ठेवली. "गं बाई, गौरीपुढे हे काय?" म्हणाल्या आणि उठूनच उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघी उठल्या. बाईंच्या हातात कुंकवाचा करंडा. त्या आमच्याकडे बघेनात. दाराकडे बघून म्हणाल्या, "यांना कुणी बोलावलं? आमच्या माणसांना ना, काही कळतच नाही. काय हो?"

भावजी दारात पन्ह्याचं तबक घेऊन उभे होते. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मला पुढचं ठाऊकच होतं. ते दोन शब्द म्हणतील, आम्ही उठू, पदर सावरत जिना उतरू, आणि सासूबाई पुन्हा डाळ खायला बसतील. मी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागलेही होते.

"बाई," भावजी म्हणाले, "फोटो माझ्या नावावर लिहा. घाटावरची नाव लिहा, चप्पल लिहा. या बायका येणं ही चूक नव्हे. बोलावलंत तुम्ही, निरोप मी नेला." आणि तबक माझ्यासमोर धरलं. "पन्हं घ्या, वहिनी."

कोपऱ्यातून एका नाववाल्याच्या बायकोनं विचारलं, "का दीदी, बोला के दुआर से लौटइबू?" बोलावून दारातून परत धाडणार का, असं. बाईंनी करंडा गौरीपुढे ठेवून दिला. त्या दिवशी मग कुणालाच कुंकू लागलं नाही. डाळ आणि पन्हं मात्र सगळ्यांना मिळालं. आश्रमातल्या एका आजींनी पन्हं दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भावजींना निरोप आला, आता येऊ नका. बाई थोडक्यात पडल्या आणि कार्यकर्त्यांमुळे पडलो असं सगळीकडे सांगत राहिल्या. पुढच्या चुनावात भावजींना कुणी बोलावलं नाही. चूक अंगावर न घेणारा माणूस ठेवून करायचं काय? ते गल्लीतून नुसते येरझारा घालायचे. फाटलेली पोस्टर्स दिसली की कडा दाबून नीट चिकटवायचे, कुठल्याही पक्षाची असोत. शेवटी मुलानं नागपूरला नेलं. निघताना आले, तेव्हाही दारातच. म्हणाले, "सवयीनं ओठांपर्यंत आलं होतं हो वहिनी. पण तुम्ही उठायला लागलात."

पुढल्या चैत्रात मी माझ्या घरी गौर बसवली. आयुष्यात पहिल्यांदा दारोदार फिरले, जिचं कुंकू आहे तिलाही सांगितलं, नाही तिलाही. वकिलीणबाईंच्या दारापर्यंत गेले, कडी वाजवली. त्यांनी ऐकून घेतलं, "बघते" म्हणाल्या. आल्या नाहीत. सासूबाई तर लांबच. पण बाकी इतक्या आल्या की पन्ह्यात दोनदा पाणी वाढवावं लागलं. एकमेकींना कुंकू लावताना आश्रमातल्या आजी लहान मुलीसारखं कपाळ पुढे करून बसल्या होत्या.

भावजींना फोन करून सगळं सांगितलं. मग एकदम त्यांचा प्रचारातला आवाज आला. "वहिनी, तुमचा रस्ता चुकला. सुरुवात पंचगंगेपासून करायची. चढ आहे तिथे, शेवटी ठेवलात तर पाय उरत नाहीत. आणि ऊन व्हायच्या आत. आणि बाईंना पुन्हा सांगा. एका खेपेत कोण येतं?"

थंडी सरता सरता त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाला.

या चैत्रात मी पहाटेच निघाले. आधी पंचगंगेचा चढ चढून आश्रमात सांगून आले, मग आमची गल्ली घेतली. वकिलीणबाईंच्या दाराशी पोचले तेव्हा त्या उंबऱ्यावर पाणी शिंपडत होत्या. म्हटलं, "उद्या पाचला यायचं." तांब्या हातातच धरून त्यांनी विचारलं, "पन्ह्याला कैऱ्या मिळाल्या का हो तुम्हाला चांगल्या? आमच्याकडे आल्यात, पाठवू?"