यंदा घरीच, पोरांसोबत!

शांत माणसाकडे किस्से साठत नाहीत, तो विसरून जातो. मी चिडकी आहे, त्यामुळे माझ्याकडे ढीग आहे! त्यातही एकतीस डिसेंबरचा कप्पा गच्च भरलाय. दरवर्षी वीस तारखेच्या आसपास आमचे साहेब, म्हणजे माझा नवरा प्रकाश, चहा पिता पिता जाहीर करतात, "यंदा कुठंच जायचं नाय. घरीच, पोरांसोबत!" तिथूनच माझं डोकं तापायला लागतं. कारण 'घरी' म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात, आणि 'पोरांसोबत' म्हणजे मी, पोरांसोबत!

आम्ही हर्सूलला, मोठ्या जेलच्या जवळ राहतो. पत्ता सांगितला की लोक हमखास विचारतात, "जेलच्या आत का बाहेर?" एकतीस तारखेला मला स्वतःलाच शंका येते. घरात आम्ही दोघं आणि चौथीतली मुक्ता. समोरच्या फ्लॅटमध्ये सिल्लोडच्या शबाना भाभी, त्यांचे मिस्टर आणि मुक्ताच्याच वर्गातला अरमान. मुक्ताची मागणी फार नसते. त्या संध्याकाळी पप्पांनी तिच्याशी खेळायचं, बस्स.

*

पहिल्या वर्षी साहेब खरंच घरी होते. सोफ्यावर, मोबाइलसकट! टेबलावर केक, मेणबत्ती पेटलेली, मुक्ता सुरी घेऊन उभी. आणि हे "दोन मिनिटं थांब बेटा" म्हणत अख्ख्या कंपनीला शुभेच्छा पाठवतायत. मेणबत्ती वितळून केकवर बसली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "पप्पा, मला पण एक पाठवा ना. मम्मीच्या फोनवर."

पाठवला हो त्यांनी! गुलाबाचा फोटो. तोही कुणाचा तरी फॉरवर्ड केलेला!

*

आमच्याकडे नळाला पाणी आठव्या-नवव्या दिवशी येतं. किती वाजता, ते त्याचं त्यालाच माहीत. एका वर्षी ते एकतीस तारखेला संध्याकाळी सात वाजता आलं.

संगीत खुर्ची ऐन रंगात होती. आणि आश्चर्य म्हणजे साहेब खेळत होते! इतक्यात खालून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं वो!" झालं. साहेब मोटर लावायला पळाले, भाभी आपल्या घरी पळाल्या, अरमान त्यांच्यामागे. मी पिंप, बादल्या, पातेली, कुकर, जे दिसेल ते भरत सुटले. दीड तासानं ओल्या साडीनं हॉलमध्ये आले, तर तीन रिकाम्या खुर्च्या आणि चौथ्या खुर्चीवर मुक्ता, नव्या फ्रॉकमध्ये, हात मांडीवर ठेवून.

"मी जिंकले ना, मम्मी?"

कुणाशी जिंकली होती पोर? मला इतका संताप आला, की भरलेली बादली तशीच खाली आपटली. नऊ दिवसांनी आलेलं पाणी, सगळं फरशीवर!

*

मग आला हुरड्याचा किस्सा. आमचे आबा, म्हणजे सासरे, देवगाव रंगारीला राहतात. ते पोतंभर कणसं घेऊन आले. सोबत पिशवीत गोवऱ्या! "शहरातल्या पोरायला हुरडा कसा भाजत्यात ते तरी दिसू दे," म्हणाले, आणि तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत थेट फरशीवर आगटी पेटवली. "आबा, निदान घमेल्यात तरी!" मी म्हणतेय. ऐकतंय कोण? साहेब व्हिडिओ काढत होते.

पाच मिनिटांत अख्ख्या मजल्यावर धूर. शबाना भाभी बादली घेऊन धावत आल्या आणि त्यांनी सगळी आगटी विझवली. हुरड्यासकट! फरशी मधोमध तडकली.

मी आबांना तडा दाखवला. आबा फरशीवर बोट आपटत म्हणाले, "सूनबाई, माल कच्चा हाये तुमच्या बिल्डरचा. आमच्या शेतात आगटीनं जमीन कधी तडकली नाय!"

*

एका वर्षी प्रकाश, भाभींचे मिस्टर आणि खालचे दोघं, असे चार बाप आइस्क्रीम आणायला गेले. "पाच मिनिटांत आलो." पोरं वाट्या-चमचे घेऊन ओळीत बसली. दीड तासानं चौघं परत आले. हातात काहीच नाही!

"आइस्क्रीम?" मी विचारलं.

"घेतलं व्हतं. पण रस्त्यात विरघळलं असतं, म्हणून तिथंच संपवलं," साहेब म्हणाले.

माझ्या आधी भाभीच कडाडल्या, "चार मर्दां मिलको एक डब्बा नै ला सके! बच्च्यां क्या चमचे चाटींगे?"

*

आणि आता यंदाचं. तीस तारखेला दप्तर आवरताना मुक्ताची निबंधाची वही हाताला लागली. 'आम्ही नवीन वर्षाचं स्वागत घरी कसं केलं.' खाली सुवाच्य अक्षरात: "आम्ही फुगे लावले. पप्पा फोनवर होते. मग मम्मी चिडली. मम्मी चिडून झाल्यावर आम्ही केक कापला. खूप मज्जा आली."

"अगं, एकतीस तारीख उद्या आहे!"

"मॅडमनं एक तारखेला सकाळीच वह्या मागितल्यात. मग लिहू कधी?"

"पण काय होणार ते तुला आधीच कसं माहीत?"

"दरवर्षी तेच तर असतंय, मम्मी."

मी तो निबंध प्रकाशला मोठ्यानं वाचून दाखवला. 'पप्पा फोनवर होते'पर्यंत आवाज खणखणीत होता. पुढची ओळ मी पुटपुटतच उरकली. इतकी वर्षं मी त्याच्यावर चिडत होते, पोरीसाठी चिडत होते, आणि पोरीनं मला फुगे आणि केकच्या मधे बसवून टाकलं होतं! त्या दिवशी मी स्वतःवर चिडले.

एकतीसला साहेब पाच वाजताच घरी. फोन बंद करून कपाटात. फुगे त्यांनी फुगवले, सापशिडीचे तीन डाव खेळले, सापानं दोनदा गिळूनही रडले नाहीत. अरमाननं सोफ्यावर सरबत सांडलं, मी ओठ घट्ट मिटून पुसलं. भाभी कानाशी येऊन म्हणाल्या, "तबियत ठीक है ना?"

केक टेबलावर आला. मुक्ता मात्र चुळबुळ करत होती. एकदा माझ्याकडे बघे, एकदा पप्पांकडे. मग उठली, कपाट उघडलं, फोन आणून पप्पांच्या हातात दिला.

"पप्पा, थोडा वेळ घ्या ना." आणि माझा पदर ओढून म्हणाली, "आणि मम्मी, तू पण चीड ना लवकर. निबंध फेअर करून झालाय माझा!"