सगळं चालेल, मासे सोडून

१९८६ साल. मी बावन्न वर्षांचा. शिक्षण चौथी, तेही गावच्या शाळेत, काजूच्या दिवसांत दांड्या मारून. पण "मला समजलं नाही" असं कोणापुढे म्हणायची सवय नाही. आजही नाही.

मुलुंडला आमची तीन मजली सोसायटी. आम्ही तिसऱ्यावर, सेक्रेटरी बरोब्बर आमच्या खाली. दर मे महिन्यात आमची मंडळी सुके बोंबील गच्चीवर उन्हात घालायची. पावसाळ्याची बेगमी ती. कडक ऊन लागलं नाही तर जुलैत डबा उघडला की बुरशी, सगळा माल कचऱ्यात. त्या वर्षीही माल येऊन पडला होता.

त्याच आठवड्यात मीटिंग झाली. सेक्रेटरी बँकेत साहेब, इंग्रजीत ठराव वाचायचा भारी शौक. मला 'टेरेस' कळलं, 'ऑल मेंबर्स' कळलं आणि शेवटचं 'फिश' कळलं. म्हटलं, चला, या लोकांना अक्कल आली, लेखी परवानगीच देतायत. सगळ्यात आधी हात मी वर केला. वर म्हणालो, "झकास! मंजूर!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, कौतुकाने.

शनिवारी जिन्यात नोटीस लागली. सून ऑफिसातून येताना वाचून आली.

"बाबा, गच्चीवर सगळं वाळवायचं, मासे एक्सेप्ट."

"एक्सेप्ट म्हणजे?"

"वगळून. मासे सोडून बाकी सगळं."

बायको सूप हातात घेऊन उभी होती. "पयलो हात कोणी वर केल्लो? तुमीच मां? आता बोंबील काय तुमच्या डोक्यार वाळवू?"

तणतणत खाली गेलो. सेक्रेटरीने दार उघडलं.

"काय हो, गच्ची सगळ्यांची ना?"

"सगळ्यांचीच, काका. लिहिलंय ना, ऑल मेंबर्स."

"मग आम्ही का नाही?"

"तुम्हाला कुठे वगळलंय? मासे वगळलेत."

"आणि या बिल्डिंगीत मासे वाळवतं कोण?"

तो म्हणाला, "काका, ठराव तुम्हीच मंजूर केलात. झकास पण म्हणालात." आत त्याची बायको फिसकन हसली.

तेव्हापासून हा 'एक्सेप्ट' शब्द माझ्या डोक्यात गेला तो गेलाच. सरळ "तू नको" म्हणायला हिंमत लागते. आमच्या गावात एखाद्याला लग्नाला बोलवायचं नसलं तर अक्षत त्याच्या दारावरून पुढे जाते. अख्ख्या वाडीला कळतं, त्यालाही कळतं, भांडायला तो मोकळा. इथे आधी 'सगळे' म्हणून मोठं मन दाखवायचं, नि मागून हा एवढासा शब्द लावून एकाला उचलून बाहेर ठेवायचं. वर "तुम्हाला कुठे वगळलंय?" सून म्हणाली, ऑफिसात रोज येतो हा शब्द. बोनस सगळ्यांना, टेंपररीवाले एक्सेप्ट. म्हणजे ज्याला तो चिकटला त्याची वाट लागली!

वर आलो तर बायको पदर खोचून तयार. "चला, गच्चीर टाकूया. कोण काय करता, बघतंय मी."

"नाही. हात वर केला तो केला. मी शब्द फिरवत नाही."

"मगे बोंबील?"

मी खिडकीतून वाकून खाली बघितलं. आमच्या खिडकीला सकाळी चांगलं ऊन येतं.

"सुई-दोरा काढ," म्हटलं.

रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी बसून माळा ओवल्या. ती ओवता ओवता पुटपुटत होती, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन खिडकीवर आलं तशा मी सगळ्या माळा ग्रीलला बाहेरून लटकवल्या. नोटिशीत गच्ची होती, खिडकीचं नाव नव्हतं. लांबातली लांब माळ सेक्रेटरीच्या खिडकीच्या काचेपर्यंत पोचत होती. मग खुर्ची ओढली आणि कावळे हाकलायला काठी घेऊन तिथेच बसलो.